लोभी नायिकेचा जमाखर्च

समाजवादी अभ्यासवर्गांत किंवा वाचनमंडळांत कादंबरीची चर्चा निघाली की काही निकाल आधीच लिहून ठेवलेले असतात. त्यांपैकी एक असा की, जिला पैसा हवा, चांगले कपडे हवेत, समाजात वरच्या पायरीवर बसावयाचे आहे, अशा नायिकेसाठी पुरोगामी वाचकाने हळहळण्याचे कारण नाही. थॅकरेची बेकी शार्प धूर्त, फ्लोबेरची एमा बोव्हारी उधळी, ड्रायझरची कॅरी चैनीला चटावलेली, एडिथ व्हार्टनची लिली बार्ट ऐतखाऊ. या साऱ्या भांडवली समाजाच्या लाडक्या लेकी. त्यांचे दुःख रिकाम्या पोटाचे नसून रिकाम्या वेळेचे आहे. सहानुभूती द्यावयाची तर ती गिरणीतल्या बाईला, शेतावर राबणाऱ्या बाईला द्यावी, असा हा युक्तिवाद. तो ऐकावयास मोठा कडक आणि तत्त्वनिष्ठ वाटतो. वस्तुतः त्यात समाजवाद औषधालाही नाही. मालमत्ता ज्याच्या हाती असते तो, ती मागणाऱ्यास नेहमीच लोभी म्हणत आला आहे. कामगाराने बोनस मागितला तेव्हाही हाच शब्द वापरला गेला होता. आणि हा निकाल पुस्तकापुरता राहता तर त्याची दखल घेण्याचेही कारण नव्हते. तो घरापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत येतो, म्हणून त्याची तपासणी व्हावयास हवी.

हिशेबाच्याच भाषेत बोलावयाचे तर प्रथम कॅरी मीबर हिची मजुरी पाहावी. ‘सिस्टर कॅरी’ ही कादंबरी १९०० साली प्रसिद्ध झाली. तिचे कथानक सुरू होते ते १८८९ च्या ऑगस्ट महिन्यात. अठरा वर्षांची एक मुलगी चार डॉलर जवळ घेऊन शिकागोला येते आणि बहिणीच्या घरी उतरते. बुटांच्या कारखान्यात यंत्रावर चामड्याला भोके पाडण्याचे काम तिला मिळते. मजुरी आठवड्याला साडेचार डॉलर. त्यांतील चार डॉलर राहण्या-जेवणापोटी बहिणीच्या हाती द्यावयाचे. उरला अर्धा डॉलर. ट्रामचे भाडे पाच सेंट; सहा दिवस जाण्यायेण्याचे साठ सेंट होतात. म्हणजे ही मुलगी रोज ट्रामने कामावर जाईल तर दर आठवड्यास दहा सेंटांच्या तोट्यात जाईल. हिवाळा येतो, अंगावर पुरेसे ऊबदार कपडे नाहीत, ती आजारी पडते आणि कामही जाते. नेमक्या त्या वेळी ड्रूए नावाचा फिरता विक्रेता तिच्या हातावर दहा-दहा डॉलरच्या दोन नोटा ठेवतो. आठवड्याच्या शिलकेच्या हिशेबाने पाहिले तर ती रक्कम चाळीस आठवड्यांची होते, आणि तीही मजूर पायी कामावर गेला आणि एक दिवसही आजारी पडला नाही तर!

येथे कॅरी घसरली, असे म्हणण्याची पद्धत आहे. घसरण्यासाठी आधी पायाखाली काही असावे लागते. ड्रायझरने आणखी एक बारीकशी नोंद करून ठेवली आहे आणि तिच्याकडे समीक्षकांचे सहसा लक्ष जात नाही. कॅरीचा मेहुणा हॅन्सन हा कत्तलखान्याच्या आवारात मांसवाहतुकीचे थंड डबे साफ करण्याचे काम करतो आणि शहराच्या दूरच्या टोकाला घेतलेल्या दोन भूखंडांचे हप्ते भरतो. हॅन्सन खलपुरुष नाही. तोही राबणारा, मितभाषी, निर्व्यसनी माणूस. परंतु त्या घराचा मेळ बसतो तो मेहुणीच्या चार डॉलरांच्या आधाराने, आणि भूखंड होणार आहेत हॅन्सनचे. हॅन्सनला जमीन हवी ती काटकसर. कॅरीला कोट हवा तो लोभ. दोन्ही इच्छा ऐहिकच आहेत, दोहोंसाठी पैसाच लागतो. फरक इतकाच की, एका इच्छेस मालकी मिळते आणि दुसरीस व्याख्यान मिळते.

ड्रायझरने ही कथा स्वतःच्या एका बहिणीच्या आयुष्यातील प्रसंगावरून उभी केली आणि अखेरीस कॅरीला शिक्षा केली नाही. ती न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नाव कमावते. तिच्यापायी घरदार सोडलेला हर्स्टवुड ट्रामकामगारांच्या संपात संपफोड्या म्हणून गाडी चालवावयास जातो आणि पुढे एका स्वस्त निवाऱ्याच्या खोलीत गॅस सोडून मरतो. प्रकाशकांनी हे पुस्तक नाखुषीने काढले ते एवढ्याचसाठी की पापाच्या शेवटी प्रायश्चित्त नव्हते. हाच ड्रायझर १९४५ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. कॅरीविषयी त्याला वाटलेली सहानुभूती आणि हे सभासदत्व यांत विसंगती आहे, असे त्याला वाटल्याचे दिसत नाही.

एमा बोव्हारीचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तिच्यावर उपासमारीची पाळी आलेली नाही. घर आहे, मोलकरीण आहे, साधाभोळा डॉक्टर नवरा आहे. तरीही तिला रेशीम हवे, गालिचे हवेत, पॅरिस हवे. १८५६ साली ‘रव्ह्यू द पारी’ या नियतकालिकात ही कादंबरी क्रमशः आली आणि पुढल्याच वर्षी नीतिभ्रष्टतेच्या आरोपाखाली फ्लोबेरवर खटला भरला गेला. फेब्रुवारी १८५७ मध्ये तो निर्दोष सुटला. एमा मात्र आजतागायत सुटलेली नाही. सरकारी वकिलाने तिला व्यभिचारी म्हटले होते. पुरोगामी समीक्षक तिला उपभोगवादी म्हणतो. आरोपपत्राची भाषा बदलली, आरोपी तीच.

एमा ज्या कायद्याखाली जगली तो पाहिल्याशिवाय तिच्या उधळपट्टीचा अर्थ लागत नाही. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने पत्नीवर आज्ञापालनाचे बंधन घातले आणि पतीच्या संमतीवाचून करार करण्याचा अधिकार तिला नाकारला. घटस्फोटाची सोय फ्रान्समध्ये १८१६ साली रद्द झाली आणि १८८४ साली परत आली. एमाचे सारे वैवाहिक आयुष्य या बंद दाराच्या आतले. नवऱ्याच्या संमतीची अट न ठेवता विवाहित स्त्रीस बँकेत स्वतःचे खाते उघडण्याचा अधिकार तर तेथे १९६५ च्या कायद्याने मिळाला. ज्या स्त्रीला कमावता येत नाही, मालकी सांगता येत नाही, करार करता येत नाही, घर सोडता येत नाही, तिला एकच आर्थिक व्यवहार मोकळा राहतो, तो म्हणजे खरेदी. आणि खरेदीसाठी उधारी.

या ठिकाणी कापडाचा व्यापारी व सावकार ल्हरो पुढे येतो. खेड्यापाड्यांतील सावकारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. तो आग्रह करीत नाही, नुसता कापड उलगडून दाखवितो. पैशाची घाई नाही म्हणतो. मग हुंडी लिहून घेतो, मुदत संपली की नवी हुंडी, व्याज मुद्दलात. पुढे नवऱ्याकडून मुखत्यारपत्र करून घेण्याची युक्तीही तोच सुचवितो; कारण सही करण्याचा अधिकार नसलेल्या बाईकडून वसुली कशी होणार? एमाच्या हाती आयुष्यात आलेला एकमेव कायदेशीर अधिकार हा सावकाराच्या सोयीसाठी आलेला होता. अखेर आठ हजार फ्रँकांसाठी जप्ती येते. ती गावातल्या एकेका प्रतिष्ठिताच्या दारात जाते, आणि वकिली पेशाचा नोटरी तिच्याकडे पैशाच्या बदल्यात काय मागतो हे फ्लोबेरने स्वच्छ लिहिले आहे. ती उठून निघून येते. जी बाई पैशासाठी काहीही करील असे म्हटले जाते, ती या क्षणी ते करीत नाही, आणि थोड्याच वेळात औषधविक्रेत्याच्या कोठीतला सोमल खाते.

आता ‘शेतावर राबणाऱ्या बाई’कडे वळू. ती याच कादंबरीत आहे. कृषी मेळाव्याच्या दिवशी नगरभवनाच्या वरच्या मजल्यावर रोदोल्फ एमाशी गोड बोलत असतो. खाली व्यासपीठावरून शेतीची, शिस्तीची, राज्यकर्त्यांची स्तुती चाललेली असते, उत्तम खताला आणि उत्तम मेंढ्यांना बक्षिसे दिली जात असतात. त्याच यादीत कातरीन नावाच्या एका वृद्ध मजूर बाईचे नाव पुकारले जाते. एकाच मळ्यावर चौपन्न वर्षे चाकरी केल्याबद्दल तिला रुपेरी पदक, किंमत पंचवीस फ्रँक. भागाकार केला तर वर्षाला अर्धा फ्रँकही पडत नाही. एमाच्या आठ हजारांत अशी तीनशे वीस पदके झाली असती, हे गणित कडक समीक्षकाच्या बाजूचे आहे आणि ते खोडून काढण्याचे कारण नाही.

परंतु ही दोन दृश्ये फ्लोबेरने एकात एक विणली ती काय निव्वळ गंमत म्हणून? वर एका स्त्रीला प्रेमाची भाषा दिली जात आहे, खाली दुसरीला गौरवाची. आणि दोघींच्याही हाती मालकीचे काही पडत नाही. कातरीन ते पदक घेते आणि गावच्या पाद्र्याला देऊन आपल्यासाठी प्रार्थना करवून घेईन म्हणते. त्यावर शेजारी बसलेला एक गृहस्थ तिच्या अंधश्रद्धेला नाक मुरडतो. तो कोण? औषधविक्रेता ओमे. विज्ञानाचा, प्रगतीचा, वृत्तपत्री लेखांचा कैवारी. गावातला सर्वांत मोठा पुरोगामी! श्रमिक बाईचा पुळका आणि उधळ्या बाईचा तिटकारा अशी सोयीस्कर वाटणी करणाऱ्यांनी आपला ओमे तर होत नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे. कादंबरी संपते ती ओमेला सरकारी मानचिन्ह मिळाल्याच्या बातमीने. त्याच्या जरा आधी एमाच्या मुलीचे काय झाले तेही सांगितले आहे. आईबाप गेले, आजी गेली, गरीब आत्याने पोरीला पोट भरण्यासाठी सूतगिरणीत धाडले. गिरणीतल्या बाईसाठी राखून ठेवलेली सहानुभूती एमापर्यंत पोहोचू नये, असा ज्यांचा आग्रह आहे त्यांच्यासमोर ही मुलगी उभी आहे. गिरणीतली बाई एमाचीच लेक.

हे सारे ज्या स्त्रीने फार पूर्वी ओळखले तिचे नाव एलिनॉर मार्क्स. ‘मादाम बोव्हारी’चे पहिले प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर १८८६ साली तिने केले. कार्ल मार्क्सच्या धाकट्या कन्येला सबंध फ्रेंच वाङ्मयातून हीच उधळी बाई निवडावीशी वाटली, ही गोष्ट बैठकांतून सांगितली जात नाही. त्याच वर्षी एडवर्ड एव्हलिंग याच्यासह तिने स्त्रीप्रश्नावरील पुस्तिका लिहिली; १८८९ मध्ये लंडनच्या सिल्व्हरटाऊन भागात तिने गॅसकामगार युनियनची स्त्रियांची शाखा उभी केली. संपाच्या सभा घेणारा हात आणि एमाची कहाणी भाषांतरित करणारा हात एकच होता.

आणि तिच्या स्वतःच्या घरचा जमाखर्च? १८९५ साली एंगल्सच्या मृत्युपत्राने तिला पैसा मिळाला, त्यातून तिने लंडनमध्ये घर घेतले. एव्हलिंग तिच्यासोबत राहत होता. चळवळीत वक्ता म्हणून त्याचे नाव होते, आणि ज्याच्या-त्याच्याकडून उसने घेऊन परत न करणारा म्हणूनही होते. १८९७ मध्ये त्याने तिला न सांगता दुसरीशी लग्न केले. ३१ मार्च १८९८ रोजी एलिनॉरने विष घेतले. तिची मालमत्ता एव्हलिंगला मिळाली. चारच महिन्यांत तोही मेला. एलिनॉरला कोणी लोभी म्हणू शकणार नाही. तिने मागितले नाही, हिशेब विचारला नाही, विश्वास ठेवला. निर्लोभ हा स्त्रीचा अलंकार मानणाऱ्या समाजवाद्यांनी या घराचा अभ्यास करावयास हरकत नाही, कारण ते घर परक्यांचे नव्हते, चळवळीचेच होते.

अर्थशास्त्रानेही या विषयात काही सांगितले आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ साली ऐदी वर्गावरील आपल्या ग्रंथात दाखविले की, श्रीमंताची पत्नी जे दागिने-कपडे वापरते तो तिचा उपभोग नसतोच. नवऱ्याच्या पतीची ती जाहिरात असते आणि ती करणे हे तिचे काम असते. एडिथ व्हार्टनची लिली बार्ट हे काम शिकून तयार झालेली, पण नोकरी न मिळालेली उमेदवार आहे. वय एकोणतीस. पत्त्यांच्या डावात कर्ज. एक धनिक तिचे पैसे गुंतवून नफा देतो असे भासवितो आणि मागाहून कळते की तो नफा त्याच्याच खिशातला होता. पुढे टोप्यांच्या दुकानात ती कामाला लागते तेव्हा सुईचा टाकाही तिला धड घालता येत नाही. मावशीसारखी वागविणाऱ्या आत्याने ठेवलेले दहा हजार डॉलर हाती येताच ती त्या धनिकाची पै न् पै फेडते आणि त्याच रात्री झोपेच्या औषधाच्या जादा मात्रेने मरते. ऐतखाऊ हा शब्द तिला लावणाऱ्यांनी त्या कादंबरीतील एकाही पुरुषाने इतक्या काटेकोरपणे कर्ज फेडलेले दाखवून द्यावे.

व्हार्टनच्याच १९१३ च्या ‘द कस्टम ऑफ द कंट्री’मधील अंडाइन स्प्रॅग मात्र सहानुभूतीची खरी परीक्षा घेते. ती नवरे बदलीत जाते. एक जण तिच्यापायी जीव देतो. स्वतःच्या मुलाकडे पाहावयास तिला सवड नाही. तिच्यावर माया करणे कठीण आहे आणि तसे करण्याची गरजही नाही. परंतु कादंबरीतलाच एक निरीक्षक विचारतो की, ज्या देशातले पुरुष आपला सारा खरा व्यवहार, रेल्वे आणि रोखेबाजार, बायकांपासून दूर ठेवतात आणि भरपाई म्हणून त्यांच्या हाती नोटा देतात, त्या देशातल्या बायका नोटांखेरीज दुसरे काय ओळखणार? अंडाइनचा शेवटचा नवरा रेल्वेसम्राट आहे. तोही तिच्यासारखाच विकत घेत सुटतो. पण त्याला कर्तबगार म्हणतात.

तेव्हा या नायिकांना सरसकट माफी द्यावी काय? तसेही नाही. बेकी शार्पचा दाखला घ्यावा. चित्रकाराची अनाथ मुलगी, शाळेत फ्रेंच शिकवून पोट भरणारी, पुढे एका उमरावाच्या घरी मुलांची शिक्षिका. वर्षाला पाच हजार पौंड असते तर आपणही सज्जन झालो असतो, असे ती म्हणते आणि थॅकरेला तिचे म्हणणे पटलेले दिसते. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची मानणारा कायदा झाला १८७० साली. बेकीची कथा छापून आली १८४७-४८ मध्ये. येथवर सहानुभूती वाजवी आहे. पण बेकी आणि तिचा नवरा लंडनमध्ये उत्पन्नावाचून थाटात राहतात ते कोणाच्या जिवावर? रॅगल्स नावाच्या एका माजी नोकराच्या. जन्मभर चाकरी करून, भाजीचे दुकान चालवून त्याने घेतलेले घर या जोडप्याने भाड्याने घेतले आणि भाडे कधी दिले नाही. बेकीचा डाव उधळला तेव्हा ती युरोपात निघून गेली. रॅगल्सच्या वाट्याला कर्जदारांचा तुरुंग आला. बेकीविषयी कळवळा वाटत असताना जो रॅगल्सला विसरतो, त्याला बेकी कळली असे म्हणता येत नाही. वरच्याने खालच्याला लुटले आणि मधल्या बाईने त्यातला वाटा घेतला, तर तो वाटा मोजावा लागेल. फक्त मोजणी तिच्यापाशी सुरू होऊन तिच्यापाशीच संपू नये.

बाजाराने अलीकडे या नायिकांची वेगळीच सोय लावली आहे. जाहिरातींतून, यशोगाथांतून बेकी आता महत्त्वाकांक्षेचा आदर्श म्हणून मिरविते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणे सक्तीचे केले, तेव्हा घरातल्याच बाईला त्या खुर्चीवर बसवून पूर्तता केल्याची उदाहरणे वृत्तपत्रांतून झळकली. व्हेब्लेन असता तर त्याने एक प्रकरण वाढविले असते.

या सर्वाचा महाराष्ट्रातील कार्यकर्त्याशी संबंध काय, असे विचारले जाईल. संबंध सात-बाराचा आहे. हिंदू मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, पण आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शंकाही निकालात काढल्या. कायदा झाला, आणि कायद्याच्या मागोमाग हक्कसोडपत्र आले. बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन सही घ्यावयाची, नंतर फेरफार. सही केली तर माहेर राहते, भाऊबीज राहते. न केली तर ती लोभी, तिला सासरच्यांनी पढविले, तिला माहेरापेक्षा पैसा प्रिय. हे बोलणारा भाऊ जमीनदारच असतो असे नाही. तो दोन एकरवाला असतो, कर्जबाजारी असतो, पुष्कळदा आपलाही असतो. त्याची ओढाताण खरी आहे; हॅन्सनचीही खरीच होती.

तसेच पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या घराचे. त्याच्या त्यागाचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन होतो. तो त्याग महिन्याच्या एक तारखेला ज्या शिक्षिकेच्या किंवा परिचारिकेच्या पगारावर चालतो, तिने स्वतःच्या नावावर दोन खोल्यांचे घर मागितले की मध्यमवर्गीय हव्यासाची कुजबुज सुरू होते. ही कुजबुज आणि एमावरील निकाल यांची शाई एकाच दौतीतली आहे.

पक्षाच्या शाखा सभासद-नोंदणीचे अर्ज भरून घेतात. त्यांत व्यवसाय, शिक्षण, चळवळीतील सहभाग अशी माहिती मागितली जाते. त्यांत आणखी एक रकाना घालण्यास फारसा खर्च येणार नाही: वडिलोपार्जित जमीन असल्यास सात-बारावर बहिणीचे नाव आहे काय? नसल्यास हक्कसोडपत्राची तारीख लिहावी आणि सहीच्या बदल्यात तिला काय मिळाले तेही लिहावे. साडीचोळी मिळाली असेल तर साडीचोळी असे लिहावे.